‘एन्जॉय’ करताना कर्म विसरू नये

इंग्रजीतील ‘एन्जॉय’ हा शब्द आता मराठीत पाहुणा राहिलेला नाही. सहलीहून परतलेली मुले ‘खूप एन्जॉय केलं’ असे सांगतात, लग्नाच्या पंगतीत ‘एन्जॉय करा, लाजू नका’ असा आग्रह होतो आणि शिगमोत्सवाच्या मिरवणुकीची बातमी पाठवणारा वार्ताहरही कधीकधी ‘नागरिकांनी एन्जॉय केले’ असे लिहून मोकळा होतो. शब्द रुळला याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. ‘मजा’ हा शब्दही फारसीतून आला. तिकडे त्याचा मूळ अर्थ ‘चव’ असा आहे, आणि आज तो मराठी नाही असे कोणी म्हणणार नाही. अडचण वेगळीच आहे. मराठीत आलेला ‘एन्जॉय’ आणि इंग्रजीत राहिलेला ‘एन्जॉय’ यांचे वळण आता एक राहिलेले नाही. मराठीतल्या वापराची सवय झालेला माणूस इंग्रजी वाक्य लिहायला बसला की तो नकळत मराठीतलाच ‘एन्जॉय’ इंग्रजीत परत पाठवतो. त्यामुळे शाळेच्या निबंधात गुण जातात आणि नोकरीच्या अर्जात छंदांच्या ओळीतच पहिली चूक दिसते. उलट दिशेने, म्हणजे इंग्रजी करारनाम्याचे मराठी करताना, तर अर्थच हातचा निसटतो.

मराठी माणूस आपला आनंद कसा सांगतो, ते आधी पाहिले पाहिजे. ‘मला नाटक आवडले’, ‘मला मजा आली’, ‘आम्हाला आनंद झाला’. या वाक्यांत माणूस कर्ता नाही. आवडते ते नाटक, येते ती मजा, होतो तो आनंद. माणूस ‘ला’ प्रत्यय लावून बाजूला बसलेला असतो आणि आनंद त्याच्याकडे चालत येतो. माणसालाच कर्ता करायचे झाले, तर ‘घेणे’, ‘लुटणे’, ‘करणे’ अशा क्रियापदांची मदत घ्यावी लागते. ‘नाटकाचा आनंद घेतला’, ‘जत्रेत मजा केली’ या वाक्यांत कर्म म्हणून उभे राहतात ते ‘आनंद’ आणि ‘मजा’ हे शब्द. नाटक षष्ठीत जाते, जत्रा सप्तमीत.

इंग्रजी ‘एन्जॉय’ची मांडणी याच्या उलट आहे. आनंद त्या क्रियापदाच्या पोटातच आहे. माणूस कर्ता, आणि ज्याचा आनंद घेतला ती वस्तू थेट कर्म. मध्ये षष्ठी नाही, सप्तमी नाही, कोणतेही अव्यय नाही. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ ‘आनंदित होणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत अवतरला तेव्हा कर्माशिवायही चालत असे, नुसता ‘हर्ष पावणे’ या अर्थाने. तो वापर पुढे मावळला आणि क्रियापद सकर्मक होऊन बसले. मराठी माणूस ‘आम्ही एन्जॉय केलं’ म्हणतो तेव्हा सहा शतकांपूर्वीच्या इंग्रजीशी त्याचा सूर जुळतो, पण आजच्या परीक्षकाशी जुळत नाही.

काय एन्जॉय केले?

‘वुई एन्जॉयड अ लॉट’ हे वाक्य आपल्याकडे इतके सर्रास ऐकू येते की ते कोणालाच खटकत नाही. मराठीत ‘आम्ही खूप एन्जॉय केलं’ हे पूर्ण वाक्य आहे, कारण तिथे ‘एन्जॉय’ हे नाम होऊन ‘करणे’चे कर्म झाले आहे. प्रमाण इंग्रजीत मात्र हे वाक्य अर्धवट राहते. ‘आम्ही खूप खाल्ले’ याऐवजी ‘आम्ही खूप आणले’ एवढेच म्हणून कोणी गप्प बसावे, तसे ते ऐकणाऱ्याला वाटते. काय आणले? या वाक्यालाही तोच प्रश्न विचारावा: काय एन्जॉय केले? उत्तर ‘सहल’ असेल, तर ‘वुई एन्जॉयड द पिकनिक’. उत्तर ‘जेवण’ असेल, तर ‘वुई एन्जॉयड द मील’.

मराठीतले प्रत्यय इथे पाठ सोडत नाहीत. ‘जत्रेत एन्जॉय केलं’ यातला ‘त’ इंग्रजीत ‘इन’ होऊन येतो आणि ‘वुई एन्जॉयड इन द फेअर’ असे वाक्य तयार होते. ‘नाटकाचा’ यातला ‘चा’ कधी ‘ऑफ’ होऊन डोकावतो. दोन्ही काढून टाकावेत. बोडगेश्वराची जत्रा आवडली, तर ‘एन्जॉयड द फेअर’ एवढेच पुरते. आणखी एक खोड शब्दक्रमाची. ‘व्हेरी मच’ हे शब्द क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये बसत नाहीत. ‘आय एन्जॉयड द फिल्म व्हेरी मच’ बरोबर. ‘आय एन्जॉयड व्हेरी मच द फिल्म’ चूक. इंग्रजीतले सकर्मक क्रियापद आपल्या कर्माचा हात सहसा सोडत नाही.

पण आनंद एखाद्या विशिष्ट वस्तूचा नसून एकंदर वेळच छान गेला असेल तर? त्यासाठी इंग्रजीने तोड काढली आहे: कर्त्यालाच कर्माच्या जागी बसवायचे. ‘आय एन्जॉयड मायसेल्फ’, ‘वुई एन्जॉयड अवरसेल्व्ज ॲट द फेअर’, ‘दे एन्जॉयड देमसेल्व्ज’. या रचनेचे शब्दशः मराठी करू गेल्यास ‘मी स्वतःचा आनंद घेतला’ असे काहीतरी विचित्र हाती लागते आणि म्हणूनच विद्यार्थी ती लिहायला बिचकतात. इथल्या ‘सेल्फ’ला स्वतंत्र अर्थ नाही. ‘हेल्प युवरसेल्फ’ म्हणणारा यजमान ‘स्वतःला मदत करा’ असे सांगत नाही, ‘हवे ते वाढून घ्या’ असे सांगतो. त्याच जातीचा हा ‘सेल्फ’ आहे. रिकामी जागा भरणे एवढेच त्याचे काम, आणि ते काम तो चोख करतो. गोव्यातल्या ज्या जुन्या पिढीने पोर्तुगीज शाळेत धडे गिरवले, तिला ही रचना परकी वाटणार नाही, कारण पोर्तुगीजमधले मौज करण्याचे क्रियापद ‘दिव्हर्तिर-से’ हेही असेच स्वतःकडे वळणारे आहे. इंग्रजीत लक्ष ठेवायचे ते पुरुष आणि वचन यांवर. ‘वुई’ला ‘अवरसेल्व्ज’, एका माणसाला उद्देशून ‘युवरसेल्फ’, अनेकांना ‘युवरसेल्व्ज’. आणि जत्रेतला ‘त’ या रचनेत ‘ॲट’ होऊन परत येऊ शकतो, कारण कर्माची जागा आता भरली आहे.

या नियमाला एक अपवाद आहे, तो म्हणजे नुसता आज्ञार्थ. वाढपी ताट समोर ठेवून ‘एन्जॉय!’ म्हणतो आणि निघून जातो. आज इंग्लंड-अमेरिकेतही हे सर्रास चालते. कर्म उच्चारले जात नाही, पण ते टेबलावर वाफाळत असते.

‘वाचायला’ आणि ‘वाचणे’

छंदांच्या ओळीत होणारी चूक म्हणजे ‘आय एन्जॉय टू रीड’. ती कुठून येते, हे मराठी वाक्य उच्चारून पाहिले की लगेच कळते: ‘मला वाचायला आवडते’, ‘वाचायला मजा येते’. ‘वाचायला’ या रूपाला इंग्रजीत समोर दिसतो तो ‘टू रीड’, आणि ‘लाइक’ व ‘लव्ह’ या क्रियापदांपुढे तो चालतोही. ‘आय लाइक टू रीड’ आणि ‘आय लाइक रीडिंग’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. त्यांचे पाहून ‘एन्जॉय’लाही तोच न्याय लावला जातो. ‘एन्जॉय’ला तो मान्य नाही. त्याला नामासारखे कर्म हवे, म्हणून ‘इंग’ लागलेले रूपच त्याच्यापुढे येते: ‘आय एन्जॉय रीडिंग’. ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’, ‘माइंड’ ही क्रियापदे याच पंगतीतली. ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’ ही ‘टू’च्या पंगतीतली.

याद्या पाठ करण्यापेक्षा मराठी वाक्यच बदलून घेणे सोपे. ‘वाचायला आवडते’ याऐवजी मनात ‘वाचनाचा आनंद घेतो’ असे म्हणावे. ‘वाचन’ हे नाम आले की हात आपोआप ‘रीडिंग’कडे वळतो. ‘पोहायला’ नव्हे, ‘पोहण्याचा’. ‘शिकवायला’ नव्हे, ‘शिकवण्याचा’. ‘वुड’ आले तरी नियम सुटत नाही. निमंत्रणाच्या उत्तरात ‘आय वुड लव्ह टू मीट यू’ असे लिहिता येते, पण ‘वुड एन्जॉय’ लिहायचे तर पुढे ‘मीटिंग यू’च हवे.

याच ठिकाणी एक खाचखळगा आहे आणि तो क्वचितच दाखवला जातो. नाट्यसंगीताची मैफल ऐकून आलेला रसिक ‘गाण्याचा आनंद घेतला’ असे म्हणतो. मराठीत गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हे संदर्भाने कळते. त्याचे ‘आय एन्जॉयड सिंगिंग’ असे इंग्रजी केले, तर रसिक स्वतःच गायला असा अर्थ होतो. ‘इंग’ रूपाचा कर्ता वेगळा सांगितला नाही, तर तो वाक्याचा कर्ताच धरला जातो. म्हणून ‘आय एन्जॉयड हर सिंगिंग’, किंवा नुसते ‘द सिंगिंग’. एका ‘द’ने मैफल गायिकेकडे परत जाते.

‘एन्जॉय’नंतर ‘दॅट’ने सुरू होणारे पोटवाक्यही येत नाही. ‘तुम्ही आलात याचा आनंद वाटला’ हे ‘एन्जॉय’ने सांगता येत नाही; त्याचा विचार पुढे येईलच. काळाच्या बाबतीत सवयीची गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगावी, ‘आय एन्जॉय क्रिकेट’. चालू वर्तमानकाळ हातातल्या, समोर घडणाऱ्या गोष्टीसाठी राखावा: ‘आय ॲम एन्जॉइंग धिस बुक’. स्पेलिंगबद्दल एवढेच की शेवटच्या ‘वाय’च्या आधी ‘ओ’ हा स्वर असल्यामुळे भूतकाळात तो ‘वाय’ टिकून राहतो. ‘ट्राय’मधल्यासारखा त्याचा ‘आय’ होत नाही. उच्चारात पहिला अवयव ‘इन’कडे झुकणारा आणि आघात दुसऱ्या अवयवावर, ‘जॉय’वर. देवनागरीतला ‘ए’ स्पेलिंग पाहून आलेला आहे.

उपभोग, वहिवाट आणि भोग

आतापर्यंतच्या चुका फार तर गुण घालवतात. खरे नुकसान होते ते ‘एन्जॉय’च्या दुसऱ्या अर्थाने, ज्यात मौजेचा अंशही नसतो. ‘एखादी हितकर गोष्ट आपल्याकडे असणे, तिचा लाभ मिळणे’ हा तो अर्थ. इंग्रजीत माणूस चांगली प्रकृती ‘एन्जॉय’ करतो, लौकिक ‘एन्जॉय’ करतो, हक्क ‘एन्जॉय’ करतो. १९४८च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील चौदाव्या कलमात, छळापासून सुटका म्हणून परदेशात आश्रय मागण्याचा आणि तो ‘एन्जॉय’ करण्याचा हक्क सांगितला आहे. घरदार सोडून निघालेल्या निर्वासिताच्या संदर्भात या शब्दाचे ‘आनंद घेणे’ असे भाषांतर करणे क्रूर चेष्टा ठरेल. तिथे ‘आश्रय मिळणे व तो लाभणे’ एवढाच आशय आहे. पोर्तुगीजमध्येही प्रकृती आणि हक्क या दोन्हींसाठी ‘गोझार’ हे आनंदाचेच क्रियापद चालते. युरोपीय भाषांना ही सांगड जुनीच आहे.

कायद्याच्या कागदात तर हाच अर्थ मुख्य असतो. १८८२च्या भारतीय ईझमेंट कायद्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्याची वाट एखाद्याने शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे वापरली, तर तो हक्क पक्का होऊ शकतो. या वापरासाठी कायद्याच्या इंग्रजीत क्रियापद आहे ते ‘एन्जॉय’. पावसाळ्यात चिखल तुडवत शेतावर जाणाऱ्या माणसानेही, कायद्याच्या लेखी, ती वाट वीस वर्षे ‘एन्जॉय’ केलेली असते. मराठीत यासाठी ‘वहिवाट’ हा नेमका शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्यात हर्षाचा भास नाही. भाडेपट्ट्यातील ‘क्वाएट एन्जॉयमेंट’ या कलमाचीही अशीच गत होते. ‘क्वाएट’ म्हणजे गोंगाट नसणे नव्हे, आणि ‘एन्जॉयमेंट’ म्हणजे मौज नव्हे. मुदत संपेपर्यंत घरमालकाने भाडेकरूच्या कब्जात आणि वापरात अडथळा आणू नये, हा त्याचा अर्थ. मालकाने मध्येच कुलूप बदलले, तर भाडेकरूला आधार मिळतो तो या शब्दांचा. त्यांचे ‘शांततेत आनंद घेणे’ असे मराठी करून दिले, तर वाचणारा ते शोभेचे वाक्य समजून पुढे जाईल. ‘निर्वेध कब्जा व उपभोग’ असे म्हटले की कलम जागेवर बसते.

‘उपभोग’ शब्द आला म्हणून त्याच्या भावंडाकडेही पाहायला हवे. खाणे आणि अनुभवणे या अर्थांच्या ‘भुज्’ या संस्कृत धातूपासून ‘भोग’ आणि ‘भोगणे’ हे शब्द आले. देवापुढे ठेवतात तो भोग, आणि कपाळी लिहिलेले तेही भोगच. मराठी माणूस राज्य भोगतो, सुख भोगतो आणि सक्तमजुरीही भोगतो. अनुभव गोड की कडू याचा भेद हे क्रियापद करत नाही. ‘एन्जॉय’ तो कटाक्षाने करते; त्याच्या कर्माच्या जागी चांगलीच गोष्ट येते. शिक्षा भोगणाऱ्यासाठी इंग्रजीत ‘सर्व्ह’ आहे, यातना भोगणाऱ्यासाठी ‘सफर’. सतत आजारी असणाऱ्या आणि त्याचे कौतुक करून घेणाऱ्या माणसाबद्दल ‘तो वाईट प्रकृती एन्जॉय करतो’ असे इंग्रजीत म्हणतात, पण तो विनोद आहे आणि नियम मोडतो म्हणूनच तो विनोद आहे.

राजकीय बातम्यांत या अर्थाची गाठ रोज पडते. इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी सरकार सभागृहाचा विश्वास ‘एन्जॉय’ करत असल्याचे सांगते, पक्ष बहुमत ‘एन्जॉय’ करत असल्याचे सांगते. चाळीस सदस्यांच्या गोवा विधानसभेत एकवीस आमदार पाठीशी असणे ही सरकार टिकण्याची अट आहे, तिथे आनंदाचा प्रश्नच येत नाही. ‘सरकारला सभागृहाचा विश्वास आहे’, ‘पक्षाकडे बहुमत आहे’ अशी साधी ‘असणे’ची वाक्ये पुरतात. घाईत केलेल्या भाषांतरात मात्र कधीकधी मंत्री ‘लोकप्रियतेचा आनंद घेताना’ आढळतात. ‘प्लेझर’ या शब्दाचीही अशीच फसगत होते. संविधानाच्या १६४व्या अनुच्छेदानुसार मंत्री राज्यपालांच्या ‘प्लेझर’पर्यंत पदावर राहतात. तिथे ‘प्लेझर’ म्हणजे मर्जी. राज्यपालांना आनंद होतो की नाही, याची चौकशी संविधान करत नाही.

दुसऱ्याची आनंदवार्ता

आता ‘तुम्ही आलात याचा आनंद वाटला’ या वाक्याकडे. मुलीला नोकरी लागल्याची बातमी ऐकून ‘आय एन्जॉयड द न्यूज’ असे लिहिले, तर व्याकरण बिघडत नाही, पण मुलीची नोकरी ही आपली करमणूक झाली असा सूर लागतो. ‘एन्जॉय’ला प्रत्यक्ष अनुभव हवा: चाखलेले जेवण, पाहिलेले नाटक, घालवलेली संध्याकाळ. एखादी गोष्ट घडली याचा आनंद ‘ग्लॅड’, ‘प्लीज्ड’, ‘डिलाइटेड’ या विशेषणांनी सांगतात आणि त्यांच्यापुढे ‘दॅट’चे पोटवाक्य खुशाल येते. ‘आय ॲम ग्लॅड दॅट यू केम’ ही मराठी ‘आनंद वाटला’ची खरी जोडी. सांत्वनाच्या आणि अभिनंदनाच्या पत्रांत हा फरक सांभाळला नाही, तर भावना खरी असूनही शब्द उथळ दिसतात.

याच कामासाठी इंग्रजीत एक भारदस्त क्रियापद आहे, ‘रिजॉइस’. ‘एन्जॉय’चे ते सख्खे भावंड, त्याच लॅटिन मुळाचे, पण ते अकर्मक राहिले आणि त्याला ‘इन’, ‘ॲट’ किंवा ‘ओव्हर’ लागते. दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेट ब्रिटिश फौजांनी २५ एप्रिल १९८२ रोजी परत घेतले, तेव्हा पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी निवासस्थानाबाहेर जमलेल्या पत्रकारांना त्या बातमीने हर्षित व्हावे आणि सैनिकांचे अभिनंदन करावे असे सुनावले. वापरलेले क्रियापद होते ‘रिजॉइस’, आणि त्याला ‘त्या बातमीने’ अशी जोडही होती. फॉकलंडचे युद्ध अजून संपायचे होते. ते जूनच्या मध्यापर्यंत चालले. पुढे टीकाकारांच्या तोंडी आणि लोकांच्या आठवणीत राहिले ते नुसते क्रियापद, तेही दोनदा उच्चारलेले. ‘त्या बातमीने’ हा भाग गळून पडला, आणि एका बेटाची सुटका झाल्याचा हर्ष युद्धाचाच हर्ष म्हणून ऐकू येऊ लागला.

आजच्या बोलण्यात ‘रिजॉइस’ फारसे येत नाही. नाताळची गीते, चर्चमधली इंग्रजी प्रार्थना आणि क्रिकेटचा सामना जिंकल्यावरचे मथळे ही त्याची ठिकाणे. शेजाऱ्याला पाठवायच्या शुभेच्छापत्रात ते घातले, तर पत्र प्रवचनासारखे वाटते. तिथे ‘ग्लॅड’ पुरते, आणि आनंद फारच मोठा असेल तर ‘डिलाइटेड’.